दारी आलेला पाहुणा आणि गावाचा हिशेब

कापडाच्या दुकानदाराने पर्यटनावर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण थंड हवेच्या ठिकाणी जाऊन घोड्यावर बसून फोटो काढण्याच्या पर्यटनाबद्दल आम्ही लिहीत नाही. आडवाटेच्या गावात जावे, गावाने चालविलेल्या जागेत किंवा गावातल्याच कुणाच्या घरी उतरावे, तिथले अन्न खावे, कारागिराकडून त्याच्या दारात माल घ्यावा आणि परतताना त्या गावचे पाणी, गवत, झाडे जशी होती तशी ठेवून यावे, असा हा प्रकार आहे. कुणी त्याला ग्रामीण पर्यटन म्हणते, कुणी शाश्वत पर्यटन म्हणते. नाव काहीही असो, गिऱ्हाईक स्वतःच्या खर्चाने कारागिराच्या दारात येते, ही व्यापाराच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. आपल्या समाजात कारागीर आणि छोटे व्यापारी मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा विषय या पानावर घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

मात्र एक प्रश्न आधीच विचारून ठेवला पाहिजे. दारी आलेल्या गिऱ्हाइकाचा पैसा शेवटी कोणाच्या खिशात जातो? गावात की गावाबाहेर? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला गुजरातमधील कच्छ जिल्ह्यात मिळाले. आम्ही तिथे पर्यटनासाठी गेलोच नव्हतो, माल खरेदीसाठी गेलो होतो.

होडका गावाचा प्रयोग

भूज शहरापासून उत्तरेकडे साठ-पासष्ट किलोमीटरवर होडका नावाचे गाव आहे. हा प्रदेश बन्नी या नावाने ओळखला जातो. अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठा असा हा गवताळ सपाट मुलूख आहे. त्याच्या पलीकडे कच्छचे मोठे रण आणि त्याही पलीकडे पाकिस्तानची सरहद्द. इथली बहुतेक वस्ती मुसलमान पशुपालकांची. त्यांना मालधारी म्हणतात. माल म्हणजे जनावरे, ती धारण करणारा तो मालधारी. होडक्यात हालेपोत्रा जमातीचे मालधारी आहेत आणि कातडी व भरतकामात तरबेज असलेले मेघवाळ कारागीरही आहेत.

26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. भूज, अंजार, भचाऊ ही शहरे उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे मेली. बन्नीतली जुनी गोल मातीची घरे, ज्यांना तिकडे भूंगा म्हणतात, त्यांतली पुष्कळ मात्र टिकून राहिली. घर गोल असल्यामुळे धक्का एका कोपऱ्यावर बसत नाही आणि वरचे शंकूसारखे छप्परही हलके असते. सिमेंटच्या चौकोनी घरांनी दगा दिला आणि मातीच्या घराने जीव वाचविला, हे पाहून जाणकार मंडळींचे लक्ष या घरांकडे वळले.

पुढे केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ग्रामीण पर्यटनाची एक योजना काढली. देशभरातील 36 ठिकाणे निवडली गेली, त्यांत होडका होते. इथे गावकऱ्यांची पर्यटन समिती तयार झाली. समितीने गावाजवळ काही भूंगे आणि थोडे तंबू उभे केले. बांधकाम गावच्या पद्धतीचे, भिंतीवरचे मातीचे नक्षीकाम आणि त्यात बसविलेले आरसेही गावच्या हातचेच. जागेला नाव दिले ‘शाम-ए-सरहद’. म्हणजे सरहद्दीवरची संध्याकाळ.

इथे हंगाम हिवाळ्यापुरता असतो. जेवायला बाजरीचा रोटला, खिचडी, कढी, ताक, लोणी, गूळ. वाढणारी, स्वयंपाक करणारी, वाट दाखविणारी माणसे याच भागातली. रात्री बन्नीचे गवई आपली गाणी म्हणतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने त्या बाबतीतली कटकटही नाही. आम्ही दुसऱ्या खेपेस घरच्या मंडळींना घेऊन गेलो, तेव्हा स्त्रियांना आणि मुलांना तिथे कोठेही संकोच वाटला नाही.

या सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की कारभार गावच्या समितीकडे आहे. सरकारने आणि संस्थांनी सुरुवातीला मदत केली, शिकविले. पण खोलीचा दर काय, कामाला कोण, पाहुण्याला काय पाहू द्यायचे आणि काय नाही, हे बाहेरच्या मालकाच्या हाती राहिले नाही.

पैसा कसा वाहतो

व्यापारी माणसाला हिशेबाशिवाय गोष्ट पटत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, कुणाच्या वहीतले नाहीत.

समजा, मुंबईचे एक कुटुंब दोन दिवसांसाठी आले आणि त्याने दहा हजार रुपये खर्च केले. हे कुटुंब शहरातल्या मोठ्या हॉटेलात उतरले, बाहेरच्या कंपनीच्या गाडीतून फिरले, हमरस्त्यावरच्या दुकानातून चादर घेतली आणि गावात फक्त अर्धा तास उतरून चहा प्यायले. दहा हजारांपैकी गावात शंभर-दोनशे रुपये पोहोचले. गावाला मिळाली धूळ आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या.

आता तेच कुटुंब गावात उतरले. खोलीचे पैसे समितीकडे गेले. त्यातून स्वयंपाकिणीचा पगार निघाला. दूध आणि लोणी शेजारच्या गोठ्यातून आले. गवयाला बिदागी मिळाली. भरतकामाचा तुकडा जिने शिवला तिच्याच हातून विकला गेला. भूंग्याचे छप्पर दरवर्षी नीट करावे लागते, त्याचीही मजुरी गावातच राहिली. दहा हजारांपैकी सहा-सात हजार गावात फिरले. शिवाय हा पैसा एकदा येऊन थांबत नाही. स्वयंपाकीण तो किराणावाल्याला देते, किराणावाला शिंप्याला देतो. एकाच रुपयाने चार घरांचे काम होते. आमचे वालिदसाहेब म्हणत की बाजारात रुपया फिरला पाहिजे, पेटीत निजलेला रुपया कुणाच्या कामाचा नाही. गावालाही हाच नियम लागू आहे.

इथे एक तुलना करणे भाग आहे. होडक्याच्या पुढे धोरडो गावाजवळ पांढऱ्या रणाच्या काठी 2005 पासून रणोत्सव भरतो. सुरुवातीला तो थोड्या दिवसांचा होता, आता हिवाळ्यातले कित्येक महिने चालतो. तंबूंचे एक शहरच उभे राहते. त्यामुळे कच्छचे नाव जगभर झाले, रस्ते सुधारले, कारागिरांना दुकाने मिळाली. 2023 मध्ये धोरडोला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतले. हे सर्व मान्य केले पाहिजे. पण एवढ्या मोठ्या तंबूनगरीचा कारभार करणे कोणत्याही एका गावाच्या आवाक्याबाहेरचे असते. तो ठेकेदार कंपनीकडेच जाणार. तिथे गावकऱ्याला नोकरी मिळते, दुकान मिळते, मालकी मिळत नाही. जत्रा मोठी झाली तर गर्दी वाढते, पण भाव ठरविण्याचा अधिकार गावाच्या हातात राहीलच असे नाही. जत्रा आणि घरचा पाहुणा यांतला हा फरक आहे. दोन्ही असू द्यावेत, पण दोन्हींना एकच समजू नये.

पाण्याने घातलेली मर्यादा

पाहुणे जितके जास्त तितका फायदा जास्त, असे सरळ गणित मांडण्याचा मोह होतो. बन्नीत हे गणित चालत नाही. कारण तिथे पाणी नाही.

बन्नीची जमीन खारट. खाली खोदले तर खारे पाणी लागते. मालधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या यावर एक उपाय ठेवला आहे. पावसाचे पाणी जिथे साचते त्या सखल जागी ते उथळ विहिरी खणतात. त्यांना वीरडा म्हणतात. जमिनीत मुरलेले गोडे पाणी वजनाने हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि तेवढेच अलगद उपसले जाते. हाव धरून जास्त उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर बिघडते. म्हणजे निसर्गानेच तिथे रोजची मर्यादा आखून दिली आहे.

आता वीरड्यावर जगलेल्या मुलखात तुम्ही शेकडो खोल्या बांधल्या आणि प्रत्येक पाहुण्याला शहरासारखी अंघोळ हवी असेल, तर ते पाणी कोणाच्या तोंडचे जाणार? टँकर आणावा लागणार किंवा जनावरांच्या वाट्यात घट होणार. बन्नीची म्हैस साधीसुधी नाही. ती रात्री चरायला जाते आणि सकाळी आपली आपण घरी येते. 2010 मध्ये या जातीला देशातील म्हशींची अकरावी जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. बन्नीच्या घरांचे पोट या म्हशीवर चालते, पर्यटनावर नाही.

गवताचाही असाच धडा आहे. 1960 नंतरच्या काळात रण पुढे सरकू नये म्हणून तिथे परदेशी बाभळीची लागवड करण्यात आली. हेतू चांगला होता. पण ही बाभूळ आवरेना. जनावरे तिच्या शेंगा खातात आणि शेणातून बी सगळीकडे पसरते. आज बन्नीचा मोठा भाग तिने व्यापला आहे आणि चांगले गवत मागे हटले आहे. तिकडचे लोक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ म्हणतात. बाहेरून आणलेली वस्तू कितीही उपकारक दिसली तरी आधी थोडी लावून पाहावी, हे यावरून समजते. पर्यटनालाही हेच लागू आहे. होडक्याने जागा लहान ठेवली, हंगाम हिवाळ्यापुरता ठेवला, यात आम्हाला शहाणपण दिसते.

लहान ठेवण्याचा दुसरा फायदा 2020 मध्ये कळला. करोनामुळे देशभरातले पाहुणे एका रात्रीत बंद झाले. ज्यांनी कर्ज काढून खोल्यांवर खोल्या चढविल्या होत्या ते हप्त्यांच्या ओझ्याखाली आले. ज्यांच्या दावणीला म्हशी होत्या किंवा हातात हुन्नर होता, त्यांच्या घरची चूल पेटत राहिली. पाहुण्याचे उत्पन्न जेवणातल्या मिठासारखे असावे. त्याने चव येते, पोट भाकरीनेच भरते.

पाण्यामागे गेलेले गाव

भूजच्या पूर्वेला काही मैलांवर अजरखपूर आहे. आमच्या धंद्याचा संबंध या गावाशी. इथे खत्री मुसलमान अजरख छापतात. निळ्या आणि तांबड्या रंगाचे, भौमितिक नक्षीचे हे कापड मालधारी पुरुष पूर्वीपासून खांद्यावर आणि कमरेला वापरत आले. अजरख हा शब्द निळ्या रंगासाठी असलेल्या अरबी ‘अजरक’ या शब्दावरून आला असे सांगतात. कारागीर मात्र हसून वेगळेच सांगतात, ‘आज रख’, म्हणजे कापड आजचा दिवस ठेव, घाई करू नकोस.

हे खत्री कुटुंबीय पूर्वी धमडका गावात राहत. सुमारे चारशे वर्षांपूर्वी कच्छच्या राजाने त्यांच्या पूर्वजांना बोलावून तिथे वसविले, कारण तिथे नदीचे वाहते पाणी होते. अजरखला पाणी फार लागते. कापड सोडा, एरंडेल आणि उंटाच्या शेणात भिजवायचे, धुवायचे, हरड्याच्या पाण्यात बुडवायचे, चुना आणि डिंकाने छापायचे, लोखंडाचा भंगार आणि गूळ कुजवून केलेल्या काळ्या रंगाने छापायचे, नीळ चढवायची, पुन्हा धुवायचे, मग तांबडा रंग उकळायचा. चौदा-सोळा पायऱ्या होतात.

नदी आटत गेली. 2001 च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि रंग बिघडू लागले. लोखंड हाच मुळी काळा रंग आणणारा पदार्थ, तोच पाण्यात उतरला तर तांबडा रंग तांबडा कसा राहणार? तेव्हा समाजातील जाणत्या मंडळींनी चांगले पाणी असलेली जागा शोधून नवे गाव वसविले आणि त्याला आपल्या हुन्नराचेच नाव दिले. काही कुटुंबे धमडक्यातच राहिली, पुष्कळ अजरखपूरला आली. या मंडळींतील इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधील लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने 2003 मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. 2024 मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकनही मिळाले.

भूजहून बन्नीच्या बाजूला निरोणा नावाचे गाव आहे. तिथेही एक खत्री कुटुंब रोगन काम करते. एरंडेल तेल तापवून घट्ट करायचे, त्यात रंग मिसळायचे आणि लोखंडी काडीने कापडावर धागा सोडावा तशी नक्षी काढायची. या कलेसाठी अब्दुल गफूर खत्री यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच गावात लोहार पत्र्याच्या घंटा ठोकून त्यावर तांब्याचा मुलामा देतात आणि प्रत्येक घंटेचा सूर कानाने लावतात. या सर्वांच्या दारात आज देशोदेशीचे लोक येतात. ते आधी काम पाहतात आणि मग खरेदी करतात.

आमची चूक

आता आमच्या स्वतःच्या वहीतले एक पान उघडतो. 2006 च्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा कच्छला गेलो. भूजला भाड्याने घेतलेल्या गाडीच्या चालकाने आम्हाला रस्त्यावरच्या एका दुकानात नेले. दुकानदाराने अजरख म्हणून माल दाखविला, भावही बरा वाटला. आम्ही दोन गठ्ठे बांधून घेतले. नंतर कळले की चालकाचे त्या दुकानात कमिशन होते.

दुसऱ्या दिवशी अजरखपूरला एका वयस्क कारागिराकडे गेलो. सोबत नमुन्याचा तुकडा होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि आमच्याकडे पाहिले.

“भाई, हे कुठे छापले?”

“चाचा, इथलेच म्हणून घेतले.”

“इथले नाही. नीळ कुंडात बुडवून चढवतात, ती कापडाच्या पोटात जाते. दोन्ही अंगांनी दिसते. हे उलटीकडून पांढरे आहे. यंत्राची छपाई आहे.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “तुम्ही हे आमच्या नावाने विकाल. गिऱ्हाइकाच्या घरी दोन धुण्यात रंग उतरेल. तो म्हणेल, खत्र्यांनी फसविले.”

आम्ही काही बोललो नाही. कारण खरे सांगायचे तर आमच्या खेडच्या दुकानात असा माल त्याआधीही होता आणि तो अजरख म्हणूनच विकला जात होता. आम्हाला माहीत नव्हते असेही म्हणता येणार नाही. आम्ही विचारले नव्हते, एवढेच. व्यापारात न विचारणे ही सोयीची गोष्ट असते.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या अंगणात संध्याकाळपर्यंत बसलो. सोळा पायऱ्यांतल्या पाच-सहा डोळ्यांनी पाहिल्या. उठताना जो भाव त्यांनी सांगितला तो आम्ही कमी करा म्हटले नाही. कापड व्यापाऱ्याच्या आयुष्यात असे क्वचित घडते. काम पाहिल्यावर घासाघीस करायची जीभ वळत नाही, आणि कारागिराच्या दारात गिऱ्हाईक आणण्याचा खरा फायदा हाच आहे.

परत आल्यावर आम्ही दुकानात दोन ढीग वेगळे केले. एकावर ‘हातछाप अजरख’ आणि दुसऱ्यावर ‘अजरख नक्षीची यंत्रछपाई’ अशी चिठ्ठी लावली. पहिले वर्षभर हातछापचा ढीग हललाच नाही. आमचा धाकटा भाऊ कुरकुरला. पुढे मात्र असे झाले की जे गिऱ्हाईक एकदा हातछाप घेऊन गेले ते दुसऱ्यांना घेऊन आले. विक्री आजही यंत्रछपाईचीच जास्त आहे, हे लपवीत नाही. तिच्यात वाईट काही नाही, स्वस्त कापड गरिबालाही लागते. फक्त ती तिच्या नावाने विकली पाहिजे.

गिऱ्हाईक थेट कारागिराकडे गेले तर आमच्यासारख्या व्यापाऱ्याचे काय, असा प्रश्न आम्हाला बिरादरीत विचारला जातो. थोडे नुकसान होते, हे खरे आहे. आमचे तीन-चार चांगले गिऱ्हाईक आता स्वतःच अजरखपूरला जातात. पण भूजला जाणे प्रत्येकाला शक्य नाही. उरलेल्यांना खात्रीचा माल कोण देणार? ज्या कारागिराला दारातल्या गिऱ्हाइकाकडून रास्त भाव मिळतो तो व्यापाऱ्यापुढे लाचार राहत नाही, म्हणून तो हलका माल काढत नाही. चांगला माल मिळत राहिला तर आमचेही दुकान चालते. कच्छमध्ये दुष्काळाच्या वर्षांत बायकांनी लग्नातली भरतकामे कवडीमोलाने विकली आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांनी ती नेली, हा इतिहास तिथल्या घरोघरी ठाऊक आहे. 1969 मध्ये दुष्काळाच्या काळातच ‘श्रुजन’ ही संस्था बायकांना भरतकामाची मजुरी मिळवून देण्यासाठी उभी राहिली, ती त्यामुळेच. कारागिराला नागवून झालेला मुनाफा एका पिढीपुरता असतो. दुसऱ्या पिढीत हुन्नरच शिल्लक राहत नाही.

आपल्या कोकणात

हे सर्व कच्छलाच होऊ शकते असे नाही. आमच्या जिल्ह्यातच, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ते पूर्वी माहीत होते. आता ते कासवांसाठी माहीत आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे तिथल्या किनाऱ्यावर वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालून जातात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कुत्री-कोल्हे फस्त करीत. 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणात सुरक्षित ठेवण्याचे काम सुरू केले. 2006 पासून कासव महोत्सव होऊ लागला. पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे चालू लागतात ते पाहायला लोक येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. घरगुती जेवण, अंगणात झोप आणि पहाटे किनारा. बाहेरच्या कुणा शेटजीला तिथे मोठे हॉटेल बांधावे लागले नाही. जे अंडे एकदा विकून चार पैसे मिळत, तेच जपले तर दरवर्षी घरात पाहुणा येतो, हे गावाला उमगले.

आता आपल्या वस्त्यांकडे पाहू. खाडीकाठच्या कितीतरी गावांत आपल्या लोकांची मोठी चिरेबंदी घरे आहेत. कर्ती माणसे मुंबईत, आखातात, आफ्रिकेत. घरात एखादी वृद्ध फूफी राहते किंवा कुलूप असते. या घरांत तांदळाची भाकरी, सांदण, खाडीचे मासे असे जेवण शहरच्या माणसाला कुठे मिळणार? महाराष्ट्रात निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात घरातल्या खोल्यांची नोंद करता येते. छत्रपती संभाजीनगरचे हिमरू विणणारे कारागीर असोत की कुठल्या गावचे कुंभार, तांबट, शिंपी असोत, काम दाखविण्यासारखे असेल तर पाहणारा येतो.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

आम्ही पाहिले त्यावरून काही गोष्टी सुचवितो.

1. आधी पाणी मोजावे, मग खोल्या. उन्हाळ्यात विहिरीला किती पाणी असते त्यावर पाहुण्यांची संख्या ठरवावी.

2. दरपत्रक लिहून भिंतीवर लावावे. खोली, जेवण, गावात फिरविण्याची मजुरी, सर्व. तोंड पाहून भाव सांगितला की एकदाच फायदा होतो.

3. गाडीवाल्याला कमिशन देऊ नये. द्यायचेच असेल तर सर्वांनी मिळून एकच दर ठरवावा आणि तो उघड असावा. चोरटे कमिशन शेवटी कारागिराच्या मजुरीतूनच वजा होते.

4. आधी काम दाखवावे, मग माल. घाईच्या गिऱ्हाइकालासुद्धा दहा मिनिटे बसवावे.

5. यंत्राचा माल हातचा म्हणून एकदाही विकू नये. एका घराने लबाडी केली तर गावाचे नाव जाते.

6. भरतकाम ज्या स्त्रीचे, पैसे तिच्या हाती द्यावेत. वहीत तिचे नाव असावे.

7. पाहुण्याला रीत आधीच सांगावी. न विचारता स्त्रियांचे फोटो घेऊ नयेत, कपडे गावाला शोभतील असे असावेत, आणलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या परत न्याव्यात. बन्नीत आणि आपल्याकडेही गुरे प्लॅस्टिक खाऊन मरतात. रीत नम्रपणे सांगितली तर चांगला पाहुणा रागावत नाही.

8. मूळ धंदा सोडू नये. होडी, शेती, माग, दुकान चालू ठेवूनच पाहुणे घ्यावेत.

आणि ज्यांना केवळ फिरायला जायचे आहे त्यांनाही दोन शब्द. मुंबईहून भूजला थेट रेल्वेगाडी आहे. रणाकडे जाण्यासाठी परवाना लागतो, तो वाटेत भिरंडियाऱ्याच्या नाक्यावर मिळतो. तिथला मावा चाखावा. डिसेंबरच्या सुट्टीत गर्दी असते, ती टाळता आली तर टाळावी. कारागिराकडे जाताना जुम्म्याची दुपार सोडून जावे. आणि तिथे घेतलेल्या कापडाचा भाव करण्याआधी ते उलटे करून पाहावे. आम्हाला ही गोष्ट शिकायला दोन गठ्ठ्यांची किंमत मोजावी लागली. वाचकांना ती फुकट देत आहोत.